बालवर्गाची खोली लावताना: देव्हाऱ्याच्या आधी माठ

प्रश्न थोडक्यात असा आहे: पालघर जिल्ह्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत बालवर्गाची खोली नव्याने लावायची आहे. २० × १८ फूट, वर सिमेंटचे पत्रे, मुलं २८, वय ४ ते ६. खोलीत पाऊल ठेवताच मन निवावं, मुलांच्या वागण्यात आदर यावा अशी ताईंची इच्छा आहे. मुख्याध्यापकांना कोपऱ्यात देव्हारा आणि भिंतींवर संतवचनं हवी आहेत, काही पालकांना देव्हारा नको आहे. सुरुवात कुठून करायची?

खोली रिकामी करण्यापासून. काय आणायचं ते नंतर ठरवू. या वयाचं मूल भिंतीवरची वचनं वाचत नाही, आणि मोठ्यांनी वाचून दाखवली तरी ती त्याच्या अंगी लागत नाहीत. अंगी लागतं ते रोज हातून घडणारं: पाणी न सांडता ओतणं, चटई गुंडाळणं, दुसऱ्याचं काम चालू असताना वळसा घालून जाणं. खोली अशी लावायची की या गोष्टी मुलाला कुणी न सांगता करता याव्यात. एवढी कसोटी धरून ठेवली की बाकीचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

पहिल्या दिवशी भिंतींवरचं सगळं उतरवा. फ्लेक्सचे तक्ते, थर्माकोलची अक्षरं, छोटा भीम, फुगे, मागच्या वर्षीचं स्नेहसंमेलन, सगळं. बालवर्ग म्हणजे रंगीबेरंगी हवाच, ही समजूत फार घट्ट आहे, पण ती मोठ्यांच्या डोळ्यांची आवड आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवर्गातल्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा छोटे पाठ दिले, काही सजवलेल्या खोलीत आणि काही जवळपास मोकळ्या खोलीत. मोकळ्या खोलीत मुलांची ५५ टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्या खोलीत ४२ टक्के. अभ्यास छोटा आहे, त्यावर मोठा सिद्धांत उभारू नये. पण सगळ्या भिंती भरलेल्या वर्गात ज्यांनी शिकवलं आहे त्यांना हे आकडे पाहून नवल वाटणार नाही.

उतरवल्यावर एक अख्खी भिंत कोरीच ठेवा. उरलेल्या तीन भिंतींवर मिळून चार-पाच चित्रं पुरेत, आणि ती मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवीत. चार वर्षांच्या मुलाचे डोळे उभं असताना जमिनीपासून साधारण ९० सेंटीमीटरवर असतात आणि मांडी घालून बसल्यावर ४५ ते ५० वर. म्हणजे चित्राचा मध्य ९० ते १०० सेंटीमीटरवर यायला हवा. आपल्याकडे तो हमखास सहा फुटांवर असतो, कारण खिळा ठोकणारा माणूस मोठा असतो. चित्र खरं असावं: शेतात चालणारी भातलावणी, बांधावरचा बगळा, विहीर. तीन आठवड्यांनी बदला, नाहीतर ते मुलांना दिसेनासं होतं.

रंगाचं काम सुट्टीत उरका. वर चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची पांढुरकी छटा आणि खाली साडेतीन फुटांपर्यंत धुता येईल असा, पण चकाकी नसलेला रंग. शाळांमधून खाली ऑइल पेंट मारायची जुनी पद्धत आहे. कोकणपट्टीच्या पावसात त्याचे फुगे येऊन पोपडे निघतात, कारण भिंतीत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच राहत नाही. चुन्यातून ओल सुकते, पण चुना कपड्यांना लागतो. म्हणून खालचा पट्टा वेगळा. ओल खालून चढत असेल तर आधी बाहेरची पागोळी आणि गटार बघा. रंगाने ओल थांबत नाही.

आता आवाज. शांत खोलीच्या गप्पा होतात तेव्हा याकडे सर्वांत कमी लक्ष जातं, आणि निम्मं काम इथेच आहे. रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. तिच्यामागे झणझणीत नाद रेंगाळला तर खोलीचे सगळे पृष्ठभाग कडक आहेत आणि आवाज शोषणारं काहीच नाही. अशा खोलीत २८ मुलं नुसती कुजबुजली तरी कालवा होतो, मग ताई आवाज चढवतात, त्यावर मुलं चढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार वर्गात नाद रेंगाळण्याचा काळ ०.६ सेकंदांच्या आसपास असावा. तुम्हाला मोजमाप करायची गरज नाही. मागच्या भिंतीवर दोन जाड सतरंज्या टांगा, भिंतीला चिकटवून नव्हे, मागे पाचेक सेंटीमीटर पोकळी ठेवून. खिडक्यांना मांजरपाटाचे पडदे लावा. स्टुलांच्या पायांना रबरी बूच घाला. पुन्हा टाळी वाजवा, फरक कानाला कळेल. गोणपाट स्वस्त म्हणून वापरतात, पण ते भराभर पेटतं, तेव्हा विजेच्या बोर्डापासून आणि समईपासून लांबच ठेवा.

पत्र्यांबद्दल एक सावधगिरी. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याला भोकं पाडू नका, घासू नका, कापू नका. तोरणं, झुंबरं, पंखे जे काय टांगायचं ते खालच्या लोखंडी अँगलला टांगा. जुलैतला धो-धो पाऊस पत्र्यावर वाजू लागला की त्यावर स्वस्त उपाय नाही. त्या वेळी गोष्ट सांगायचा हट्ट सोडावा, माती, चित्रं, निवडणं-टिपणं अशी न बोलता होणारी कामं काढावीत. पाऊस ऐकणं हेही तासाचं काम होऊ शकतं.

दारापासून पुढे खोली लावत या. २८ मुलं एका दारातून एकदम आत आली तर पुढचा अर्धा तास ताईंचा राहत नाही. दाराबाहेर चपलांसाठी दोन फळ्यांची उघडी घडवंची, शेजारी २०-२२ सेंटीमीटर उंचीचा लांब बाक, दारात काथ्याचं पायपुसणं. मुलं तीन-तीन, चार-चार करून आत येतात. ताई दाराशी मुलांच्या उंचीवर बसलेल्या असतात आणि प्रत्येकाला नावाने हाक मारतात, घरच्या लाडक्या नावाने नव्हे, त्याला स्वतःला आवडतं त्या नावाने. यात सात-आठ मिनिटं जातात. ती वाया गेली असं पहिल्या आठवड्यात वाटतं. उंबऱ्याशी पानाफुलांची छोटी रांगोळी दोन मुलांनी रोज पाळीने काढावी. रांगोळीची पूड नको: फरशीवर पाय घसरतो आणि ती नाकातोंडात जाते. तांदळाच्या पिठाने मुंग्या येतात.

आणि मग माठ. या खोलीतली सर्वांत गंभीर वस्तू तीच आहे, म्हणून जरा थांबतो. माठ ३०-३५ सेंटीमीटरच्या घट्ट तिवईवर, तोटीचा असेल तर उत्तम, नसेल तर लांब दांड्याचा डोया. खाली पाणी झेलायला परात, शेजारी पेले उपडे घालायला जाळी आणि जमीन पुसायचं फडकं. मुलाने स्वतः पाणी घ्यायचं, प्यायचं, पेला विसळून उपडा घालायचा, सांडलं तर पुसायचं. सगळ्यांना एकच माठ, एकच डोया. जोतिराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. त्या महाराष्ट्रात आजही कुणी आपल्या मुलाला ‘तुझी बाटली तूच वापर, वर्गातलं पिऊ नको’ असं बजावून पाठवतं, आणि त्यामागे दर वेळी जंतूंची भीती नसते. ते ओळखा. पालकसभेत पाणी कोण भरतं, कसं उकळतं किंवा गाळतं, माठ कधी घासतात हे स्वच्छ सांगा. आरोग्याची शंका असेल तर ती तिथे मिटते. त्यानंतर अपवाद नाही. झाडण्याच्या पाळीचंही तसंच. झाडू मुलींकडे आणि ठरावीक वस्त्यांतल्या मुलांकडे आपोआप सरकत जातो, कुणी ठरवत नाही तरी. पाळीचा तक्ता चित्रांचा करा आणि महिन्याच्या शेवटी एकदा तपासा, कुणाच्या वाट्याला काय आलं. या दोन गोष्टी जमल्या नाहीत तर बाकीची सगळी मांडणी शोभेची ठरते.

जमिनीचा हिशेब असा: खोली ३६० चौरस फूट. एका मुलाची चटई २ × ३ फूट, म्हणजे ६ चौरस फूट; २८ चटया एकदम अंथरल्या तर १६८. जवळपास निम्मी खोली. बाकीत फडताळं, माठ, चालायची वाट. वाट दोन फुटांपेक्षा अरुंद झाली की मुलं एकमेकांच्या कामावर पाय देतात आणि भांडणं लागतात. तेव्हा स्वभावाला दोष देण्याआधी टेप घेऊन वाट मोजा. सगळी मुलं एकाच वेळी चटईवर नसतात, २० चटया पुरतात, आठ-दहा मुलं खुजी मेजं आणि माठ-झाडू अशा कामांवर असतात. ताईंचं टेबल मधून काढून दाराजवळच्या कोपऱ्यात सरकवा. मधली जागा मुलांची.

फडताळ उघडं हवं, दारं आणि कुलूप नको. उंची ७५ सेंटीमीटर, पुढून मागे ३०, दोन किंवा तीन फळ्या, मागून भिंतीला आवळलेलं, कारण मूल त्यावर चढून बघतंच. प्रत्येक साहित्य आपापल्या ताटलीत किंवा टोपलीत, पूर्ण, एकेकच. पाच जणांना हवं म्हणून पाच संच आणण्याचा मोह होतो. एकच ठेवलं तर मूल थांबायला शिकतं, दुसरा करतो ते बघतं, आणि काम झाल्यावर ते पुढच्यासाठी नीट लावून ठेवायला कारण मिळतं. पहिल्या आठवड्यात बाराच साहित्यं मांडा, मग हळूहळू वाढवत दिवाळीपर्यंत चाळिशीला न्या. सगळं पहिल्या दिवशी मांडलेली खोली तिसऱ्या दिवशी बाजार उठल्यासारखी दिसते.

साहित्य महाग असायला हवं असं नाही. तुमच्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्तेसोरींच्या पद्धतीला इथल्या बिया, शंख-शिंपले, पानं, माती यांत उतरवलं. तेवढं सामान आजही मिळतं. फक्त वस्तू खरी आणि चालणारी हवी: कापणारी छोटी कात्री, बुडाशी गळत नसलेला तांब्या, मुलाच्या हाताच्या मापाने दांडा कापलेला झाडू, छोटी सुपली. प्लास्टिकचा खेळण्यातला झाडू कचरा काढत नाही आणि मुलाला ते लगेच कळतं.

निगा शिकवायला सर्वांत चांगलं एक काम सांगायचं तर फुलं लावणं. ताटलीत पाच लहान तोंडाच्या बाटल्या, २५० मिलिलिटरचा छोटा तांब्या, नरसाळं, कात्री, स्पंज, देठं टाकायला वाटी. मूल तांब्यात खुणेपर्यंत पाणी आणतं, नरसाळ्यातून बाटली पाऊण भरते, फूल बाटलीशेजारी धरून देठ मापतं, कापतं, ठेवतं, मेज पुसतं, बाटली खोलीत कुठे ठेवायची ते स्वतः ठरवतं. पंधरा-वीस मिनिटं सहज. बाटलीला पाण्याची खूण केली नाही तर पाणी दर वेळी काठावर येऊन सांडतं. झेंडू, शेवंती, जास्वंद, मोगरा चालतील. कण्हेर, बिट्टी आणि धोतरा वर्गात येऊच देऊ नका, तिन्ही विषारी आहेत आणि पहिल्या दोन शाळांच्या कुंपणांना सर्रास असतात. बाटल्या काचेच्याच ठेवा. फुटतात म्हणूनच मूल जपून धरतं. फुटली तर सगळ्यांनी आहे तिथे बसायचं, काचा ताईंनी उचलायच्या, बारीक कण ओल्या कागदाने टिपायचे, आणि ज्याच्या हातून फुटली त्याला त्याच दिवशी पुन्हा दुसरी बाटली द्यायची. ओरडायचं नाही. एकदा ओरडलं की दोन महिने कुणी ते काम घेत नाही.

शांतकोपरा हवा, पण छोटा: ४ × ४ फूट, एक चटई, एक पाट, पाटावर एकच वस्तू. तांब्यात एखादी डहाळी, पाण्याने भरलेलं पितळी घंगाळं, मोठा शंख, कधी पक्ष्याचं रिकामं घरटं. आठवड्याला वस्तू बदला. एका वेळी एक मूल, फार तर दोन. तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवलं तर पाळीवरून भांडण होत नाही. कपाटाआड करू नका. ताईंना खोलीतून कुठूनही तो दिसला पाहिजे. हा कोपरा बिघडतो तो नेहमी एकाच तऱ्हेने: दंगा करणाऱ्याला ‘जा, तिथे बस आणि शांत हो’ म्हणून पाठवलं जातं. दोन-तीनदा असं झालं की ती शिक्षेची जागा होते आणि आपण होऊन तिथे कुणी फिरकत नाही. तसं झालंच असेल तर कोपरा पंधरा दिवस उचलून ठेवा आणि दुसऱ्या जागी नव्याने मांडा.

देव्हाऱ्याचं आता सांगतो. कायद्याची बाजू स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. तुमची शाळा अनुदानित, म्हणजे दुसरा भाग लागू. आता संमती कागदावर घेता येईल, पण चार वर्षांच्या मुलाला ‘तू हात जोडू नको, बाजूला उभा राहा’ म्हणणं म्हणजे खोलीत असूनही त्याला बाहेर काढणं. माझा सल्ला सरळ आहे: देव्हारा नको. मुख्याध्यापकांना जे हवं आहे, म्हणजे नम्रपणा, कृतज्ञता, थोडा वेळ गप्प बसणं, ते बाकीच्या मांडणीतून येतं आणि कुणाला बाजूला उभं राहावं लागत नाही. सण टाळायचे असा याचा अर्थ नाही. वारली घरातलं मूल लग्नातल्या चौकाचं चित्र, कुणी ईदची शेवयांची वाटी, कुणी गौरीची पानं, कुणी नाताळचा तारा आणेल. आणणाऱ्याने सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि बघायचं. पूजा करायची नाही. संतवचन हवंच असेल तर एखादा अभंग गावा. मुलांना तो गाऊन पोचतो.

डबा खाण्याआधी अर्धा मिनिट थांबण्याची पद्धत घाला. कोणताही श्लोक ठरवण्यापेक्षा ‘आज हे कुणी रांधलं, कुणी पिकवलं’ एवढं एका मुलाने सांगितलं तरी पुरतं.

शांतीचा खेळ हा मॉन्तेसोरींचा. त्यांनी चार महिन्यांचं तान्हं बाळ कडेवर घेऊन वर्गात आणलं आणि ते किती निश्चल आहे याकडे मुलांचं लक्ष वेधलं, तिथून तो सुरू झाला. रीत अशी: पडदे अर्धे ओढा, फळ्यावर ठरलेली खूण करा. मुलं आपापल्या जागी बसतात, हात-पाय जिथे आहेत तिथे. सुरुवातीला ३० सेकंदच. मग ताई दाराबाहेर जाऊन एकेकाचं नाव कुजबुजत घेतात, नाव ऐकलेलं मूल आवाज न करता उठून येतं. २८ नावं म्हणजे पाच-सहा मिनिटं. शेवटच्या मुलाला तेवढं थांबणं जड जातं, म्हणून आधी चौदाच नावं घ्या आणि उरलेली उद्या घेऊ असं आधीच सांगून ठेवा. जूनमध्ये हा खेळ सुरू करू नका, खोली बसायला दीड-दोन महिने लागतात. गोंधळ शमवायला तर कधीच वापरू नका: तो जमलेल्या शांततेचा खेळ आहे, गोंधळावरचं औषध म्हणून केला की तोच हुकूम होतो. बक्षीस नको, ‘बघू कोण जास्त वेळ बसतं’ नको. सर्दी-खोकल्याचं मूल दाराजवळ बसवा म्हणजे त्याला संकोच न होता बाहेर जाता येईल.

घंटा पितळी, लहान, एकच ठोका. तिचा नाद विरेपर्यंत ताईंनीही थांबायचं. दिवसातून तीनदा वाजली तर मुलं ऐकतात, वीसदा वाजली तर तिचा भोंगा होतो.

राहिली ताईंची तयारी. मुलं येण्याआधी वीस मिनिटं खोलीत एकट्या असा, मोबाइल बाहेरच्या कपाटात. फडताळावर नजर टाका: बोथट पेन्सिल, हरवलेला ठोकळा, कालचं शिळं पाणी. अर्धवट साहित्य फळीवर ठेवण्यापेक्षा उचलून ठेवलेलं बरं, कारण ते अपुरं आहे हे मूल सोसत नाही आणि काम अर्ध्यावर टाकून देतं. मग पाच मिनिटं जमिनीवर बसा, मूल बसतं तिथे, आणि डोळ्यांसमोर काय येतं ते बघा. लोंबणारी वायर, फडताळाखालचा केर, उन्हाची तिरीप नेमकी कुणाच्या तोंडावर येते: उभ्याने यातलं काही दिसत नाही. मदतनीस बाईंनाही या वीस मिनिटांत सामील करा आणि मुलांनी त्यांनाही नाव आणि नातं जोडूनच हाक मारावी. ताई आदराने बोलतात आणि मावशींवर खेकसतात हे मुलं पहिल्याच आठवड्यात टिपतात.

खोली लागली की नाही हे पाहुण्यांच्या ‘किती छान’वरून ठरवू नका. आठ आठवड्यांनी एक दिवस वही घेऊन कोपऱ्यात बसा आणि तीनच गोष्टी मोजा: ताईंना खोलीभर ऐकू जाईल असं किती वेळा बोलावं लागलं, सांडलेलं किती वेळा न सांगता पुसलं गेलं, आणि किती मुलं एका कामावर दहा मिनिटांहून जास्त रमली. महिन्याने पुन्हा मोजा. पहिला आकडा उतरत नसेल तर फडताळावरची चार-पाच साहित्यं कमी करा, वाट रुंद करा, सतरंज्या नीट टांगल्या आहेत का बघा. दिवाळीच्या सुट्टीनंतर खोली थोडी विस्कटतेच. तेव्हा पुन्हा बारा साहित्यांपासून सुरू करा, या वेळी चाळिशी गाठायला तीन आठवडे पुरतात.